पाच वॉटांचे अकरा

दादाच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं. बाहेर दाट धुकं, आणि प्रवाह होडीला खडकांकडे ओढत होता. मदतीची लाँच धक्क्यावर सुरू करून ठेवली होती. तिला उत्तरेकडे पाठवायचं की दक्षिणेकडे, एवढंच कळायचं बाकी होतं. ते सांगू शकणारा एकटा दादा, माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातल्या वायरलेसवर.

त्याच्या हातातला सेट मागच्या आठवड्यात मीच उघडला होता. कंपनीने तो पाच वॉटांवर बांधलेला. "लांबून ऐकू जायला हवं," म्हणून दादा मागे लागला आणि मी आतला पॉवरचा स्क्रू फिरवला. मीटरचा काटा अकरावर गेला. वॉट दुप्पट झाले म्हणून पल्ला दुप्पट होत नाही, आवाज जरासा खुलतो इतकंच. बॅटरी मात्र भराभर उतरते आणि ट्रान्झिस्टर भाजून निघतो. दहा सेकंद बोलायचं आणि बटण सोडायचं, हे मी सांगायला हवं होतं. पण दादा "वा रे पठ्ठ्या" म्हणाला आणि मी फुशारलो. आपल्याच कामातली खोट आपणच कशाला दाखवायची? एवढा गाढव मी.

स्पीकर खरखरला.

"येतंय ना रे ऐकू? तुझा सेट एकदम झकास."

"कुठे आहेस ते सांग," मी माईकवर ओरडलो. व्यर्थ. त्याने बटण दाबून धरलं होतं, तोवर त्याला आमचं काहीच ऐकू जाणार नव्हतं. आणि दादाच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला.

"मेस्त्रीला म्हटलं होतं, पाइप बदल. ऐकेल तर शपथ. तुझ्या वहिनीला सांग, काळजी करू नको."

"भावोजी, थांबवा ना ह्यांना," माझ्या शेजारी उभी असलेली वहिनी म्हणाली.

"तो बटण सोडेल तेव्हाच, वहिनी."

"सेट चटका देतोय बघ हाताला," दादा हसला. त्याचा आवाज बारीक होत चालला होता. मला रडू फुटलं. तिकडून तो म्हणाला, "बरं, नीट ऐक. बंदराचा भोंगा ऐकू येतोय. तो आहे…"

पुढे नुसती खरखर.

त्याचा सेट आता बोलू शकणार नव्हता, पण ऐकू शकत असेल. ऐकायला फार वीज लागत नाही. मी बटण दाबलं.

"दादा, चूक माझी. दहा सेकंदांचं मी तुला सांगितलंच नाही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि माईक हातातून काढून घेतला.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "मग घरी या आणि भावोजींचे कान उपटा."

तिने बटण सोडलं आणि आम्ही दोघं खरखर ऐकत उभे राहिलो.