ताटली घरी राहिली

मार्नीने आयुष्यात जिंकलेला सगळ्यात मोठा वाद म्हणजे ताटलीचा वाद. तो ती हरली असती तर फार बरं झालं असतं, पण हे तिला पुढे कळलं. जिंकली त्या दिवशी मात्र अख्ख्या यॉर्कशरमध्ये आपणच काय त्या शहाण्या अशा थाटात ती अंगणात शीळ घालत हिंडत होती.

वाद झाला न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर. तिच्या आजोबांचा, म्हणजे आर्नल्ड हेस्लॉप यांचा नियमच होता: कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, जाणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढणार. किटली चढणार, चिखलाचे बूट चढणार, बिस्किटांचा डबासुद्धा झाकणासकट चढणार. कॅरव्हॅनला झेपेल तेवढंच वजन, वर एक किलो नाही. त्या मंगळवारी सगळं चढून उतरलं आणि जागा उरली फक्त अकरा किलोंची. टीव्हीची डिश (मार्नीच्या भाषेत ताटली), तिची तिपाई, केबलचं वेटोळं आणि दिशा शोधायचं यंत्र या सगळ्यांची मिळून एक पिशवी होती, ती भरली साडेनऊ. मार्नीचा फुगवायचा पॅडलबोर्ड, पंप आणि वल्ह्यासकट, भरला बरोबर अकरा.

"आजोबा, ही ताटली आता कुठल्यातरी म्युझियमला देऊन टाका," मार्नी म्हणाली. "सिम घातलेला राउटर खिशात मावतो. त्यावर टीव्ही चालतो. चिखलात वाकून आकाशातला उपग्रह शोधायचे दिवस गेले."

"आणि तिथे सिग्नल नसला तर?"

"तुमच्या सिमचा आहे. मी नकाशा पाहिलाय. तो भाग हिरवागार दाखवतात."

"नकाशात हिरवागार होता म्हणून मी एकदा दलदलीत शिरलो होतो. कमरेपर्यंत."

"आजोबा."

"बरं, बरं. पण तो डेटा मोजून मिळतो ना? दोन आठवडे पुरेल?"

"पुरेल. मी बघते ना."

हे तीन शब्द नीट लक्षात ठेवा, कारण आजोबांनी ते ठेवले होते. त्यांनी डिशची पिशवी उचलली, गॅरेजात खिळ्याला टांगली आणि राउटरचं खातं नातीच्या ताब्यात दिलं.

आता, टीव्हीशिवाय अडावं असं आजोबांचं काहीच नव्हतं. एरवी ते बातम्या बघता बघता झोपत. पण त्या सुट्टीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोन वाजता, मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी टीव्हीवर थेट दाखवणार होते आणि त्या फेरीत नेल होती. नेलला आजोबांनी दीड महिन्यांची असल्यापासून वाढवलं, शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा कायमचा गेला, मेंढ्या विकल्या, आणि रिकाम्या डोंगराकडे बघत बसलेली कुत्री त्यांना बघवेना, म्हणून नॉर्थम्बरलंडच्या मिसेस डॉडना त्यांनी तीही देऊन टाकली. त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. मागच्या दारापाशी तिची पाण्याची वाटी मात्र अजून तशीच होती, आणि रोज सकाळी तिच्यात ताजं पाणी असायचं. नेल गेल्यापासून त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. तो रविवार कॅलेंडरवर त्यांनी पेन्सिलीने गोल करून ठेवला होता.

वेल्समधला त्यांचा नेहमीचा कॅरव्हॅनतळ नदीकाठी होता. दरवर्षी तळावर पोचलं की आजोबा आधी आकाश बघत. सकाळी अकराच्या सुमाराला सूर्य जिथे असतो, साधारण तिथेच तो टीव्हीचा उपग्रह, हे कॅरव्हॅनवाल्यांचं ठोकळ गणित. म्हणून त्या बाजूला झाड नसलेली जागा पकडायची. यंदा जागा मार्नीने निवडली. अगदी पाण्याला लागून, डेरेदार ओकच्या झाडाखाली. डिशच नाही तर झाडाला काय घाबरायचं?

सहा जागा सोडून, उघड्या माळावर, लँकशरचे मिस्टर थ्रेलफॉल उतरले होते. यॉर्कशर आणि लँकशरचं काय ते तुम्हाला ठाऊक असेलच, नसेल तर एवढंच समजा की दोघांनाही दुसऱ्याचा चहा पाणचट लागतो. मिस्टर थ्रेलफॉल तिपाईपाशी गुडघ्यांवर बसून डिश केसभर इकडे, केसभर तिकडे करत होते आणि आतून मिसेस थ्रेलफॉल ओरडत होत्या, "गेलं. आलं. परत गेलं, रॉनल्ड."

मार्नी तिथून जाता जाता थांबली. हल्ली ती कुणाशीही काहीही बोलू शकत असे, हा तिचा या वर्षीचा नवा शोध होता. "मिस्टर थ्रेलफॉल, ताटलीत सूप कधी वाढणार?"

"वाढलं की हाक मारतो हो, पोरी," ते मान वर न करता म्हणाले.

आजोबा मोठ्याने हसले. मार्नीला फार बरं वाटलं.

मग दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. तीन दिवस. पॅडलबोर्ड घडीतच राहिला. मार्नीच्या स्वतःच्या फोनची कंपनी त्या दरीत पोचतच नव्हती, म्हणून तिने फोन आजोबांच्या राउटरला जोडला. एक मालिका होती, सगळ्या वर्गाने पाहिलेली, तिचीच राहिलेली. कॅरव्हॅनला लागून ठोकलेल्या तंबूत उशीवर पालथं पडून तिने बुधवारी चार भाग पाहिले, गुरुवारी पाच, तेही एकदम झकास चित्रात, कारण धुरकट चित्र बघणं तिच्या शानला शोभत नव्हतं. मध्ये मैत्रिणीशी, सास्कियाशी, चेहरा बघत तासतासभर गप्पा झाल्या त्या वेगळ्या.

गुरुवारी संध्याकाळी तिने खातं उघडून पाहिलं. शंभरातले ऐंशी संपले होते. आकडा लाल होता. तिने पान बंद केलं आणि स्वतःला सांगितलं, एका कार्यक्रमाला असा कितीसा लागतो? शुक्रवारी तिने फोनला हात लावला नाही. शनिवारी लावला. तेराव्या भागाचा शेवट असा होता की चौदावा बघितल्याशिवाय कुठल्याही माणसाला राहवलं नसतं, असं तिला त्या वेळी प्रामाणिकपणे वाटलं. चौदावा तिने अर्ध्यावर सोडला, तोही उद्याचा कार्यक्रम आठवला म्हणून.

रविवारी आजोबांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. आणि थ्रेलफॉल पतिपत्नींना आमंत्रण दिलं. "या, माझी कुत्री बघायला या. आणि विनाताटलीचा टीव्ही पण बघा. आमच्या पोरीने बसवलाय."

मिसेस थ्रेलफॉल लिंबाचा केक घेऊन आल्या. चौघं कोंबून बसले. चित्र छान आलं. हिरवा डोंगर, दगडी कुंपण, खालच्या बाजूला खुंटाशी उभा एक माणूस आणि त्याचा कुत्रा. नेलची पाळी त्याच्यानंतर होती.

"आता बघा हं," आजोबा मिसेस थ्रेलफॉलना समजावत होते. "कुत्र्याची खरी जात कळते ती पहिल्या वळशात. मेंढ्या पार तिकडे वर असतात. सरळ गेलं तर बिचकून उधळतात. लांबून, गोल, चाहूल न लागू देता मागे जायचं. ते शिट्टीने होत नाही. आधी मनात शिरावं लागतं. नेलला तो वळसा शिकवायला मला दोन हिवाळे लागले. बाकीचं कोणीही शिकवेल."

आणि चित्र थांबलं. कुत्र्याचा एक पाय हवेतच राहिला. मध्ये एक गोल गरगरायला लागला.

मार्नीच्या हातातला फोन थरथरला. मर्यादा संपली आहे, एवढाच मजकूर होता. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"काय झालं?" मिस्टर थ्रेलफॉलनी विचारलं.

आजोबांनी उशीखाली चाचपलं आणि रिमोट बाहेर काढला. त्यांचा चेहरा पडला. "मी यावर बसलो होतो. काहीतरी दाबलं गेलं असणार."

आता सांगायची वेळ होती. तीन माणसं तिच्याकडे बघत होती. मार्नीने तोंड उघडलं आणि तिच्या कानावर स्वतःचाच आवाज आला, "हो, होतं असं कधीकधी. मी बघते."

तिने राउटर बंद करून चालू केला. हे उगीच होतं, आणि ते उगीच आहे हे तिला एकटीला माहीत होतं. मग तिने पाठ वळवून फोनवर जादा डेटा घ्यायचा प्रयत्न केला. कंपनीचं पान तेवढं उघडलं, पण विकत घ्यायला खात्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड आजोबांच्या निळ्या वहीत होता. निळी वही नेहमीच्या जागी, डिशच्या पिशवीत. पिशवी गॅरेजात, खिळ्याला.

मागे आजोबा पाहुण्यांची माफी मागत होते. "मला या नव्या गोष्टी जमत नाहीत हो. पोरीने सगळं नीट लावून दिलं होतं. माझाच हात वाईट. तुम्हाला उगीच त्रास दिला. केक तरी घ्या."

मार्नीचे कान इतके तापले की ते बाहेरून दिसत असणार असं तिला वाटलं.

मिस्टर थ्रेलफॉल उठले. क्षणभर त्यांनी मार्नीकडे पाहिलं. "आर्नल्ड, ऊठ. आमच्याकडे सूप वाढलेलंच आहे." आणि ते पुढे पळालेसुद्धा, त्या वयात, चपला फटफटवत.

आजोबा काठी घेऊन पायऱ्या उतरले. सहा जागा म्हणजे मार्नीला एक मिनिट, पण ओल्या गवतात त्यांचं पाऊल जपून पडत होतं. दुसऱ्या जागेपाशीच ते थांबले. मिसेस थ्रेलफॉलनी दंड धरला.

"तू हो पुढे," ते मार्नीला म्हणाले. "पळ. वळसा निसटेल. तू बघ आणि मला सांग."

ती पळाली.

तर असं झालं, की नेलचा वळसा मार्नीने पाहिला. थ्रेलफॉलांच्या दारात, धापा टाकत. एक काळा ठिपका खुंटापासून सुटला आणि डावीकडे लांब, लांब, दगडी कुंपणाला घासून गेला. कुणीतरी डोंगरावर एका दमात रेघ ओढावी तसा. वर पोचून तो थांबला. मेंढ्यांनी मान वर केली, पण एकही बिचकली नाही. टीव्हीवरचा माणूस हळू आवाजात म्हणाला की आज दिवसभरात असा वळसा झाला नाही.

आजोबा दारात आले तेव्हा मेंढ्या अर्धा डोंगर उतरल्या होत्या.

"कुठून गेली?" ते अजून बसलेही नव्हते.

"डावीकडून. कुंपणाला धरून."

"लांबून?"

"खूप लांबून."

"हं," आजोबा म्हणाले, आणि बसले. नेलने मेंढ्या फाटकांतून काढल्या, एक हट्टी मेंढी सोडली तर सगळ्या एका ओळीत, आणि कोंडवाड्यात घातल्या. ती तिसरी आली. शेवटी कॅमेरा जवळ गेला. नेलच्या तोंडावर पांढरं वाढलं होतं. आजोबांनी रुमाल काढून नाक पुसलं, मग केकची स्तुती केली.

परतताना मार्नी म्हणाली, "आजोबा, तो रिमोट नव्हता."

"माहीत आहे."

तिची पावलं थांबली. आजोबांनी खिशातून बटणांचा जुना फोन काढून दाखवला. "बिल माझ्या नावावर ना. संदेश मला येतात. गुरुवारी एक आला, ऐंशी टक्के. काल दुसरा, पंच्याण्णव."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणाली होतीस, मी बघते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, बघत असेल."

"आणि मघाशी, पाहुण्यांसमोर..."

"त्यांच्यासमोर तुला खाली बघायला लावू? चल, पाय भिजताहेत."

मार्नी चालली नाही. ती मागे वळली आणि थ्रेलफॉलांचं दार वाजवलं. मिस्टर थ्रेलफॉल कप विसळत होते.

"आजोबांनी काही दाबलं नव्हतं," ती म्हणाली. "डेटा मी संपवला. मालिका बघून. आणि मला तेव्हाच माहीत होतं. आणि ताटलीबद्दल बोलले तेही..." पुढचं तिला सुचेना. कुणाशीही काहीही बोलू शकणारी मुलगी कुठेतरी सांडून गेली होती.

मिस्टर थ्रेलफॉलनी कप पुसून जागेवर ठेवला. "किती भाग?"

"तेरा. चौदावा अर्धा."

"म्हणजे शेवट राहिला."

"हो."

"अरेरे," ते म्हणाले, आणि उरलेला केक डब्यात घालून तिच्या हातात दिला. "आर्नल्डसाठी."

तो डबा घेऊन सहा जागा पार करताना मार्नीला तो अकरा किलोंचा वाटला. ओकखाली खुर्ची टाकून आजोबा बसले होते. वर पानंच पानं; आकाश कुठेच नव्हतं.

"काय म्हणाला लँकशरवाला?"

"शेवट राहिला म्हणून वाईट वाटलं त्यांना. माझ्या मालिकेचा."

आजोबा खो खो हसले. तिला हसता आलं नाही. मग त्यांनी डबा मांडीवर घेतला, झाकणावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"बस इथे. पहिल्यापासून सांग. वर पोचल्यावर ती थांबली. तेव्हा शेपटी कुठे होती? खाली होती, का वर उचललेली?"

मार्नीने आठवून पाहिलं. डोंगर आठवला, कुंपण आठवलं, ती रेघ आठवली. शेपटी आठवेना. शेपटी खाली म्हणजे कुत्री शांत; त्यांना काय ऐकायला आवडेल हे तिला साधारण कळत होतं, आणि सांगणं अगदी सोपं होतं.

"मी नाही पाहिलं, आजोबा," ती म्हणाली. "मला बघायचं कळलं नाही."

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. "बरं," ते म्हणाले. "मग जे पाहिलंस ते सांग."