वयाची गणितं

रुग्णालयात आयाला कायम व्हायचं तर दहावीचं गणित सुटलं पाहिजे. बेडपॅन धुवायला वर्गसमीकरण कशाला लागतं, हे वरच्यांना विचारायची कुणाची छाती नाही. कायम झालेल्या बायकांना वॉर्ड मागून घेता येतो. हंगामीला मुलांच्या वॉर्डात ढकलतात, आणि ती हंगामी. त्याच वॉर्डात तिचा स्वतःचा मुलगा सहाव्या वर्षी तापानं गेला होता. तिला तिथून सुटायचं होतं, बास.

शिकवायला धाकटा दीर. "वहिनी, जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं."

"भावोजी, मला काहीच माहीत नाही. सगळ्यालाच क्ष म्हणू?"

शेताची लांबी-रुंदी, टाकीचे नळ, नावेचा वेग, सगळं त्यानं घोटून घेतलं. उत्तरं दोन येतात. ऋण असेल ते खोडायचं. वयाच्या गणितांचं पान मात्र तो गुपचूप उलटायचा. वहिनीला जपतोय म्हणे. असलं जपणं काय जाळायचंय!

पेपरात नेमकं तेच आलं. आई मुलापेक्षा तीस वर्षांनी मोठी. आईचं वय मुलाच्या वयाच्या वर्गाइतकं. मुलाचं वय काढा.

मुलगा क्ष, आई क्ष अधिक तीस. क्ष वर्ग उणे क्ष उणे तीस बरोबर शून्य. अवयव पटकन पडले. क्ष बरोबर सहा, किंवा उणे पाच.

पेन तिथंच अडलं. तळव्याला लेकाच्या तापलेल्या अंगाचा चटका बसला. मग तिनं सहा खोडला आणि उणे पाच ठेवला. खाली लिहिलं: मूल व्हायला अजून पाच वर्षं आहेत. आई पंचवीसची. उणे पाचाचा वर्ग पंचवीस. पडताळाही जुळला.

तपासणाऱ्यानं भोपळा दिला. तेवढ्यानंच ती नापास झाली.

दीरानं कपाळावर हात मारला. "मीच ती गणितं गाळली, वहिनी."

"कळत होतं मला. मलाही बरंच वाटायचं."

"पण सहा आलं होतं ना तुमचं!"

"आलं होतं. पण 'उत्तर सहा' असं लिहून खाली दोन रेघा ओढायच्या असतात, भावोजी. माझ्यानं नाही झालं."

 

दुसऱ्या दिवशी मुकादमबाईनं पाळी लावली. "मुलांचा वॉर्ड. तोंड काय बघतेस? हंगामीच ना तू अजून?"

आत कोपऱ्यातलं एक पोर तापानं कण्हत होतं. तिनं तसराळ्यात पाणी घेतलं, फडकं पिळलं आणि त्याच्या उशाशी बसली.