दाढेतला धागा आणि चिमूटभर मीठ

मी एका वेल्डरच्या दाढेतला धागा बोलतोय. शास्त्रातले लोक मला डीएनए म्हणतात. माझा धनी कारखान्याच्या आगीत गेला. कारखान्याने मात्र लिहून दिलं, ‘त्या दिवशी कामावर नव्हता. पळून गेला असेल.’ मेलेल्या माणसाला पळपुटा म्हणायला यांची जीभ रेटली तरी कशी?

राखेत सापडलेली दाढ प्रयोगशाळेत आली. ती कुटून मला पाण्यात उतरवलं. सोबत माझ्यासारखेच हजारो धागे. आम्हा सगळ्यांच्या अंगभर विजेचा ऋण भार, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. सख्खे भाऊ असून शुद्ध पाण्यात आम्ही एकमेकांना जवळ फिरकू देत नाही. आम्हाला गोळा करायचं तर मीठ हवं. त्यातले धन भाराचे कण सुटे हिंडतात, आमच्याभोवती गर्दी करतात आणि आमचं भांडण झाकून टाकतात. मग अल्कोहोल ओतलं की आम्ही एकत्र येऊन तळाशी बसतो.

पण नवे साहेब शुद्धतेने झपाटलेले. मीठ म्हणजे भेसळ, असं ठरवून त्यांनी ते कृतीतूनच काढलं होतं! नळी यंत्रात गरगर फिरली. तळ कोरा.

“नमुना निकामी. बेसिनमध्ये ओता,” साहेब म्हणाले.

नळ्या हाताळण्यात उभी हयात गेलेल्या सहायक बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी नळी सोडली नाही. “साहेब, यात मीठ कुठाय?”

“मावशी, इथे स्वयंपाक चाललाय का?”

“स्वयंपाक असता तर पहिल्या घासालाच तुम्ही ताट सरकवलं असतं! बाहेर बाकावर त्याची बहीण बसलीय. तिला काय सांगू, भाऊ बेसिनमधून वाहून गेला?”

साहेब बाजूला झाले. मावशींनी मिठाचं पाणी घातलं, नळी पुन्हा फिरवली. तळाशी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला. तो मी!

बहिणीच्या रक्ताशी मी जुळलो. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “वहिनीला फोन लावते. म्हणावं, दादा कामावरच होता.”

आता मी फ्रीजरमध्ये, अंगावर क्रमांक चिकटवून पडून आहे. मावशींचे उपकार आहेतच. पण मिठातले ते सुटे कण माझे कोणीही लागत नव्हते, तरी माझ्याभोवती उभे राहिले. त्यांना माझा नमस्कार. तुमच्याकडे मागणं एकच: कारखान्याच्या कागदावर ‘पळून गेला’ अजून तसंच आहे. ते आधी खोडायला लावा, मग मला खुशाल विसरा.