मी ‘ळ’ म्हणायला शिकलो

मित्रांनो, मी आता म्हातारा झालेला एक लॅपटॉप आहे. गोंदियाजवळच्या गोरेगावात, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून असलेल्या एका घरात, खिडकीजवळच्या स्टुलावर माझा मुक्काम असतो. माझी बॅटरी कधीच संपली. वीज गेली की मीही जातो, आणि ती आली की कोणीतरी बटण दाबेपर्यंत वाट पाहतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. आठवते ती नागपुरातली एक कचेरी. तिथे मी चकचकीत होतो, लोक माझ्या वेगाचे कौतुक करत. मग नवे लॅपटॉप आले आणि माझी रवानगी गोंदियात, दुर्गेशच्या दुरुस्तीच्या दुकानात झाली. वायरींच्या ढिगात पडलो होतो, तेव्हा रचना आली. ती गोरेगावच्या टायपिंग क्लासमध्ये शिकवायची.

दुर्गेश तिला म्हणाला, “दीदी, ये पुराना है. इसमें फ्री वाला सिस्टम डाल देता हूँ, मस्त चलेगा.”

“फ्री म्हणजे चोरीचा का?”

“चोरी का नहीं. दुनियाभर के लोग अपनी मर्जी से बनाते हैं. कोई भी खोल के देखे, गलती दिखे तो सुधारे.”

रचनाने मान डोलावली आणि मला पिशवीत घातले.

तिने मला घेतले ते वडिलांसाठी. केवळरामबाबा राइस मिलमध्ये कामाला होते. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात धम्माचा ग्रंथ वाचायचे काम त्यांच्याकडे असे. पण काचबिंदूने त्यांचे डोळे गेले आणि वाचन थांबले. मग त्यांनी विहारात जाणेही सोडले. माझ्यात मजकूर वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम होता. बाबांना बरे वाटावे म्हणून रचनाने आधी त्यांचेच नाव टाइप केले. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, “केवलराम.”

बाबांचा चेहरा उतरला. “हा केवलराम कोन आहे?”

“मशीन आहे बाबा ते. आन् आपण तरी डोळ्याले डोराच म्हणतो ना?”

“बोलताना म्हणतो. ग्रंथ वाचताना मी कधी म्हटलो का? ज्याले अक्षर धड घेता येत नाही, त्याच्या तोंडून ग्रंथ कायले आयकू? बंद कर ते.”

रचनाने माझे झाकण लावले. मित्रांनो, चूक माझी नव्हती, पण आवाज माझा होता. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी तिने इंटरनेटवर तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांची जागा शोधून काढली. तिथे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले, की मराठीतला ‘ळ’ तुम्ही ‘ल’ म्हणता. उत्तर येईल असे तिला वाटलेच नव्हते. पण आले. दूरच्या देशातल्या एक बाई बरीच वर्षे त्या प्रोग्रॅमची देखभाल करत होत्या. त्यांनी लिहिले, “बरे झाले सांगितलेत. आमच्यात कोणालाच मराठी येत नाही. उच्चारांचे नियम या फाइलमध्ये आहेत. तुम्हीच करून पाहता का? मी मदत करीन.”

“मले कुठं प्रोग्रॅमिंग येते?” रचना पुटपुटली.

तिची आई, अल्काबाई, तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “त्या बाईले मराठी येत नाही, तुले ते येत नाही. बसा मंग दोघी मिळून.”

आणि त्या खरेच बसल्या. रचना फाइलमधला एखादा नियम बदलायची आणि मला बोलायला लावायची. कधी मी बोबडे बोललो, कधी मुकाच झालो. एकदा मधेच वीज गेली आणि तिचे सगळे काम पुसले गेले. मग वीज आल्यावर तिने पुन्हा सुरुवात केली. शेवटी तिने धीर करून तो बदल पाठवला, तर तो परत आला. बाईंनी नम्रपणे विचारले होते, “शब्दाच्या शेवटी ‘ळ’ आला की आवाज लांबतो आहे. असाच हवा का?”

तसा नको होता. ‘फळ’ म्हणताना माझे ‘फळा’ होत होते. पण सारखे ऐकून ऐकून रचनाच्या कानाला आता काहीच कळेना. तिने बाबांना हाक मारली. ते नाखुशीने येऊन माझ्याजवळ बसले.

मी म्हणालो, “फळ.”

“शेपूट लागून राहिलं त्याले,” बाबा म्हणाले. “आखरीचं काप.”

रचनाने कापले. मी पुन्हा म्हणालो. बाबांनी नकारार्थी मान हलवली. तळे, काळोख, बाभूळ असे किती शब्द मी त्यांच्यापुढे म्हटले असतील! एका संध्याकाळी मी ‘निर्मळ’ म्हणालो. बाबा पुढे सरकले. “पुन्हा म्हनाव त्याले.” मी पुन्हा म्हणालो.

“हं. आता बरोबर आहे.”

एवढेच बोलले, पण उठून गेले नाहीत. रचनाने ग्रंथातले एक अख्खे पान टाइप करून मला वाचायला लावले आणि ते शेवटपर्यंत ऐकत बसले.

तो बदल स्वीकारला गेला. “पुढच्या आवृत्तीत जाईल. आपले स्वागत आहे,” असे बाईंनी लिहिले. रचनाने ते आईला दोनदा वाचून दाखवले. त्या वर्षी वर्षावासात मी दुपारी ग्रंथ वाचायचो, बाबा डोळे मिटून ऐकायचे, आणि संध्याकाळी विहारात तोच भाग स्वतःच्या आवाजात सांगायचे. लोक पुन्हा सतरंजीवर बसू लागले.

ते दिवस आठवले की अजून बरे वाटते. पुढे रचनाने ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतल्या ‘च’चा फरकही मला शिकवला. आता ती नागपूरला नोकरी करते. तिच्याकडे नवा लॅपटॉप आहे. कोणी नवखा घाबरत घाबरत त्या प्रोग्रॅममधली पहिली चूक कळवतो, तेव्हा आता तीच लिहिते, “बरे झाले सांगितलेत. करून पाहता का? मी मदत करीन.”

गेल्या वर्षी माझा पडदा कायमचा काळा पडला. बाबा शेजाऱ्याच्या सोबतीने मला गोंदियाला घेऊन गेले. दुर्गेशने मला उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “काका, अब भंगार में दे दो. डिस्प्ले ही गया.”

“आवाज आहे ना?”

“आवाज तो है.”

“मंग पडद्याचं मले काय काम?” बाबा म्हणाले आणि त्यांनी मला पुन्हा पिशवीत घातले.

मित्रांनो, फुकट मिळालेली वस्तू बेवारस नसते. कोणीतरी कुठेतरी बसून ती सांभाळत असते. तिच्यात एखादे अक्षर चुकलेले आढळले, तर हसून पुढे जाऊ नका. कळवा. येत नसेल तर विचारा, शिकवणारे भेटतात. आणि माझ्यासारखे म्हातारे यंत्र भंगारात टाकण्याआधी एकदा थांबून पाहा, ते अजून कुणाशी बोलत तर नाही ना.