करंगळी

फोटोवाल्याने पुतळ्याकडे बोट दाखवून ‘तसेच बसा’ म्हटलं आणि जाळीचा मुखवटा गुडघ्यावर टेकवून एलादिओ उकिडवा बसला. बसणं कधीच अवघड नव्हतं.

पुतळा त्याचाच, आणि तोही उकिडवाच होता. सान पेद्रोच्या मैदानाच्या दारात, ब्राँझचा, हातमोजा उघडून वाट बघत असलेला. बेसबॉलच्या फलंदाजाच्या पाठीमागे अशीच उमर काढलेल्या या कॅचरला गाव चेहऱ्यापेक्षा मुखवट्यावरूनच जास्त ओळखायचं. सकाळी त्याच्या गुडघ्यांना तेल चोळताना बायकोने, नुरीसने, बजावलं होतं की पुतळ्याशेजारी उभा राहा. खाली बसलास तर जेवण तिथेच आणून वाढीन.

फोटो झाले, टाळ्या झाल्या. एलादिओने उठायला जोर लावला. गुडघे जागचे हलले नाहीत.

तो हसला. लोकांना वाटलं, म्हातारा रमलाय. पहिल्या रांगेत क्लबचे मालक बसले होते. नव्या पोरांना तयार करायची नोकरी ते त्याला देणार होते, आणि गुडघे ठणठणीत असल्याचं त्याने त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आता जमिनीला हात टेकला की सगळं उघडं पडणार.

मालकांच्या शेजारी फिलो होता, त्याचा जन्माचा पिचर. चेंडू कसा टाकायचा ते एलादिओ मांड्यांच्या आडून बोटांनी सांगायचा आणि फिलो दर वेळी मान हलवून नकार द्यायचा. तो ऐकेपर्यंत एलादिओ तेच बोट पुन्हा पुन्हा दाखवायचा. फक्त करंगळीला फिलोने कधी नाही म्हटलं नव्हतं. करंगळी म्हणजे ‘थांब, मी येतोय.’ मग एलादिओ भांबावलेल्या फिलोपर्यंत चालत जायचा आणि हातमोज्याआडून त्याला शिव्या घालून शांत करायचा.

एलादिओचा उजवा हात मांड्यांच्या मध्ये गेला. मोडून वाकडी जुळलेली करंगळी बाहेर आली.

फिलोने ती पाहिली. मान हलवली. नाही.

एलादिओचं हसू ओठांवरच सुकलं.

मग फिलो खुर्चीतून उठला. रमतगमत आला, वाकला, आणि जुन्या सवयीने तळहाताआड तोंड लपवलं.

“तू कुठला येतोस, गाढवा. मी आलोय. उजव्या खांद्याला लटकू नकोस, तो कधीच वारला. डावा धर.”

“मालक बघतायत.”

“बघू देत. गळ्यात पड. थोडा रड.”

“रडू तर येतंच आहे.”

दोघे म्हातारे एकमेकांना मिठीत घेऊन हळूहळू वर आले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मालकांनी रुमाल काढला.

फोटोवाला धावत आला. मघाचा फोटो हलला म्हणाला. एकदाच, पुन्हा बसाल का?

एलादिओने फिलोकडे पाहिलं. फिलोने मान हलवली.

या खेपेला एलादिओने हट्ट धरला नाही. मुखवटा त्याने पुतळ्याच्या हातमोज्यात ठेवला आणि मालकांच्या खुर्चीकडे चालू लागला. फिलोचा डावा खांदा मात्र त्याने, सगळ्यांदेखत, सोडला नाही.