तारांचं पातेलं

मालकीणबाईंच्या लॉन्ड्रीत आलेला डाग डाग म्हणून परत गेला, असं चाळीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. शाई असो, गंज असो, डांबर असो की ओठांची लाली, त्या नुसतं बोट फिरवून सांगायच्या की हा कशाने सुटेल. आणि मनात आलं तर तो पाडणाऱ्याचा स्वभावही सांगायच्या. शाळा म्हणाल तर दुसरीत सुटली ती सुटली. पण अक्षर लागत नसलं तरी आपल्याला कॉलर वाचता येते, हे त्या गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवत, आणि गिऱ्हाईक गुपचूप मानेवरून हात फिरवून घेई.

अशा बाईच्या पोटी थोरला यावा, ह्याला काय म्हणायचं? दिव्याखाली अंधार.

थोरला रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. वय बावन्न, पाठीवर करड्या केसांची शेपटी, आणि आयुष्यभराच्या धडधडीने कानात कायमची बसलेली भुणभुण. बँडमधले बाकीचे पुढे नाचायचे, हा मागे खांबासारखा उभा राहून खर्ज सांभाळायचा. गाण्याला पायाखाली जमीन लागते, ती मी देतो, असं तो म्हणे. लोकांना जमीन देतोस ते ठीक, मग माझी वरची खोली कशाला बळकावलीस, असं बाई विचारत. कारण लॉन्ड्रीच्या वरच्या त्या खोलीत, जिथे एरवी चादरींचे गठ्ठे राहिले असते, तिथे भिंतीभर सतरा जुन्या बास गिटारी टांगलेल्या होत्या. एकही त्याने नवी घेतलेली नाही. एक बंद पडलेल्या हॉटेलच्या तळघरातली, ओल पिऊन मान वाकलेली. एक जहाजावरच्या वाद्यवृंदातली, खुंट्यांना खारट गंज. एक कुणा न्हाव्याच्या आरशामागे वीस वर्षं उभी राहिलेली, तिच्या भेगांत अजून केस सापडत. थोरल्याची बायको फार पूर्वीच निघून गेली होती, तेव्हा बाईंनी एवढंच म्हटलं होतं, की एक नांदवता आली नाही आणि सतरा आणून बसवल्या.

बोलायच्या तशा. पण नवी म्हणजे जुनी गिटार घरात आली, की थोरला ती वर नेऊन पहिला सूर छेडायचा, आणि नेमकं तेव्हाच बाईंचं गुडघ्याचं दुखणं जिन्याच्या मधल्या पायरीवर उफाळून यायचं. त्या तिथेच टेकायच्या. सूर संपला की गुडघाही बरा व्हायचा.

अठरावी आली ती मास्तरांची.

मास्तर म्हणजे ज्यांनी थोरल्याला पोरवयात बास धरायला शिकवलं ते. नाचघराच्या बँडमध्ये त्यांनी उभी हयात काढली. त्या बँडचे पांढरे कोट दर सोमवारी बाईंकडे धुवायला यायचे, आणि मास्तरांचा कोट बाई डोळे मिटून ओळखायच्या. उजव्या खिशाच्या तोंडाशी दोन काळे ठिपके. वाजवणारी दोन बोटं दोन गाण्यांच्या मध्ये खिशाच्या कडेला टेकवायची त्यांची सवय होती, आणि तारांचा काळा मळ तिथे उतरायचा. बाई, तो डाग माझ्या पोटाचा आहे, असं मास्तर हसत म्हणायचे. पोटाचा असो की पाठीचा, माझ्याकडे आला की गेलाच, असं बाई उत्तर द्यायच्या. आणि दर सोमवारी तो जायचा, दर शनिवारी परत यायचा.

आता मास्तर जाऊन दोन वर्षं झाली होती. मास्तरीणकाकूंनी गिटार थोरल्याला देऊन टाकली. बदल्यात काही नको म्हणाल्या, फक्त एक मागितलं. एका रविवारी मी येईन, तेव्हा ते वाजवायचे तशी एकदा वाजवून दाखव. मग परत मागणार नाही.

थोरला त्या गिटारीशी कुजबुजल्यासारखा वागू लागला. तिच्या तारा मास्तरांनी एकतीस वर्षं बदलल्या नव्हत्या. सपाट पट्टी गुंडाळलेल्या जाड तारा, टोकांना लाल रेशमी धाग्याचं वेटोळं, आणि वर बोटांचा काळा, गुळगुळीत थर. तिचा सूर बाईंनी पायरीवर बसून ऐकला तेव्हा त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी वयस्क माणूस लाकडी फळ्यांवरून अनवाणी चालत गेलं. थोरला खाली येऊन म्हणाला, हिला कुणी हात लावायचा नाही. हे तो सतराही वेळा म्हणाला होता, त्यामुळे बाईंनी ते नेहमीसारखं एका कानाने ऐकलं.

रविवारच्या आदल्या सकाळी थोरला दुरुस्तीला टाकलेला अँप्लिफायर आणायला गेला. पाहुणी येणार म्हणून बाई फडकं घेऊन वर चढल्या. खुर्ची पुसली, खिडकी पुसली, आणि सहज मास्तरांच्या तारेवरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट.

उद्या ती बाई येणार, नवऱ्याची वस्तू बघणार, आणि मनात म्हणणार की लॉन्ड्रीवालीच्या घरी दिली आणि तिथे ही अशी पडून आहे. चाळीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं, ते आता दाखवायचं?

आणि हे काम त्यांना येत होतं, हीच तर गंमत. थोरला एकोणीस वर्षांचा असताना नव्या तारा घेण्याची ऐपत नव्हती. मेलेल्या तारा उकळल्या की पुन्हा जिवंत होतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं, आणि ह्या शहाण्याने त्या दुधाच्या पातेल्यात उकळल्या. दुसऱ्या दिवशी घरभर चहाला गंजाचा वास. बाईंनी तीन दिवस त्याला धारेवर धरलं. चौथ्या दिवशी त्याच पातेल्याच्या कानाला, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बांधतात तसली खुणेची चिठ्ठी बांधली आणि ते तारांचं पातेलं म्हणून वेगळं ठेवलं. पुढे सात-आठ वर्षं महिन्यातून एकदा बाईच तारा उकळत. चिमूटभर धुण्याचा सोडा, दहा मिनिटं, मग कोरड्या फडक्याने पुसून शर्टांच्या रांगेत चिमट्याला टांगायच्या. संध्याकाळी थोरला स्टेजवर गेला की तारा खणखणत. त्या खणखणाटात आपला वाटा आहे, हे बाईंनी कुणाला कधी सांगितलं नाही. मग बँडचं नाव झालं, पाकिटातून नव्या तारा येऊ लागल्या, आणि पातेलं फळीवर सर्वांत वर जाऊन बसलं.

त्यांनी ते खाली काढलं. काउंटरवर बसणाऱ्या धाकट्या लेकीने विचारलं, दादाला विचारलंस का? माझ्याच घरात साबणाला परवानगी काढू की काय, असं म्हणून बाईंनी तिला गप्प केलं. चारही तारा उतरवल्या, उलटसुलट होऊ नयेत म्हणून एक ते चार आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि पाणी ठेवलं. आधी पाणी चहासारखं झालं, मग वर काळी साय धरली, मग रेशमाचा लाल रंग सुटला. बाई समाधानाने बघत राहिल्या. इतका मळ त्यांनी फार दिवसांनी जिंकला होता.

थोरला दुपारी परतला. तारा नव्या नाण्यासारख्या लखलखत होत्या. त्याने गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळून सूर लावला आणि सर्वांत जाड तार छेडली. खोलीत ताट पडल्यासारखा आवाज झाला.

जिन्यावर बाईंचा गुडघा अजून दुखायलाही लागला नव्हता.

थोरला येऊन त्यांच्या वरच्या पायरीवर बसला. ओरडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं, ओरडण्याला त्यांच्याकडे उत्तरं होती.

"आई, एकतीस वर्षं होती त्यात," तो म्हणाला.

"काळं होतं ते."

"हो. तेच."

मग त्याने हळूहळू सांगितलं. रॉकच्या दणदणाटात त्याला स्वतःला तारा खणखणीतच लागत, म्हणून तो उकळत असे. पण मास्तरांचा आवाज त्या मळाचा होता. बोटांचा घाम, तेल, कातडी, सगळं पट्ट्यांच्या फटींत बसून तार बुजली होती, आणि बुजलेली तारच तशी अनवाणी चालते. सतराही गिटारी त्याने ह्याच्यासाठीच आणल्या होत्या. लाकडं काय, कुठेही मिळतात. प्रत्येकीवर कुणाचा तरी हात शिल्लक असतो.

बाई रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत. तेलाची वाटी आणि कापूस घेऊन वर गेल्या आणि तारांना तेल चोळत बसल्या. चाळीस वर्षं डाग काढणारी बाई डाग लावायला बसली होती, आणि तो लागत नव्हता. तार निसरडी झाली, आवाज मात्र तसाच टणटणीत. थोरल्याने वाटी काढून घेतली. मळ असा लावता येत नाही आई, तो बसावा लागतो, म्हणाला. वर हेही म्हणाला की काळजी करू नकोस, काकूंना मी सांगेन तारा तुटल्या म्हणून, नव्या घातल्या.

ह्यावर बाई उठून उभ्या राहिल्या. इस्त्रीने कपडा जळाला, तर जळकी बाजू वर ठेवून त्यांनी तो गिऱ्हाइकाच्या हातात दिला होता. घडीत भोक लपवून कधी दिलं नव्हतं. हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, तू वाजव, तोंड मी उघडीन.

रविवारी मास्तरीणकाकू काठी टेकत आल्या. बारीक चणीच्या, डोळ्यांनी अधू, कानांनी तल्लख. पुसलेल्या खुर्चीत बसल्या. थोरल्याने नाचघर बंद करताना मास्तर वाजवायचे ती संथ धून घेतली. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. चार ओळींनंतर त्यांनी हात वर केला.

"हे त्यांचं नाही."

थोरल्याने तोंड उघडायच्या आत बाईंनी पातेलं आणून काकूंच्या पायाशी ठेवलं. तळाशी रेशमाच्या रंगाचं लाल वर्तुळ तसंच होतं. तेवढं घासायला त्यांचा हात धजला नव्हता.

"ह्यात उकळल्या मी. काल सकाळी. त्याला न विचारता. मळ दिसला आणि राहवलं नाही," त्या म्हणाल्या. कुणाची माफी मागायची वेळ आयुष्यात आली नसल्यामुळे पुढचे शब्द कुठून आणायचे ते त्यांना ठाऊक नव्हतं.

काकू पातेल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांचा शेवटचा कोट तुमच्याकडूनच धुऊन आला होता, ताई. कपाटात आहे. नाक खुपसलं तरी साबणच लागतो. म्हणून तर हे ऐकायला आले होते."

बाईंनी तो मार खाली मान घालून घेतला. शहाण्याला शब्दाचा असतो, आणि बाई शहाण्या होत्या.

मग काकूंनी पातेल्यातल्या लाल डागावर बोट फिरवलं आणि थोरल्याला म्हणाल्या, तीच धून पुन्हा, जरा हळू. त्याने वाजवली. सूर खणखणीत, उतावळा, तरण्या माणसासारखा. काकूंची मान ह्या वेळी वर होती.

धून संपल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांची लेक झाली त्या आठवड्यात मास्तरांनी ह्या लाल टोकांच्या तारा आणल्या होत्या. घातल्या त्याच दिवशी, लहानसा स्पीकर लावून स्वयंपाकघरात वाजवायला बसले. असाच टणटणाट. पोर नुकती निजली होती. काकूंनी उलथनं उगारून त्यांना मागच्या पायऱ्यांवर हाकललं आणि दार लावून घेतलं. ते बाहेर वाजवत बसले, आपल्याशीच. पुढे तारा मऊ झाल्या, मग कुणी हाकललं नाही. पण त्या दिवशीचं काही काकूंनी ऐकलंच नव्हतं.

"तेव्हा ते एवढे चांगले वाजवायचे का रे?" त्यांनी थोरल्याला विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगले, काकू."

"मग आणखी एकदा वाजव. आणि ते दार उघडं टाक."

जाताना काकू बाईंना क्षमा केली असं काही म्हणाल्या नाहीत, आणि बाईंनीही तशी अपेक्षा धरली नाही. काकूंनी फक्त थोरल्याला विचारलं की तारा पुन्हा बुजायला किती दिवस लागतील. रोज वाजवली तर दोन-तीन वर्षांत जरा खाली येतील, तो म्हणाला. तशाच व्हायला किती, तो आकडा त्याने गिळला. काकू म्हणाल्या, मग मी दर रविवारी येऊन बघत जाईन, कितपत मळली ते. या, बाई म्हणाल्या, आणि काठी त्यांच्या हातात देऊन जिन्यावर त्यांच्या पुढे एक पायरी राहून उतरल्या.

संध्याकाळी थोरला जेवून उठला. बोटं तेलाने चकचकीत, आणि पन्नास वर्षांच्या शिस्तीने पाय आपोआप नळाकडे वळलेले. बाई नळाच्या पुढ्यात उभ्या होत्या.

"धुऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आधी वर जा."