वजाबाकीच्या आधीचा आकडा

मित्रांनो, माझे सातचे बटण बरीच वर्षे दोनदा दाबावे लागायचे. तेवढ्यावरून ओळखा, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. कारखान्यातून निघालो तो थेट एका महाविद्यालयाच्या अर्थसाहाय्याच्या खिडकीमागे आलो. नवा होतो तेव्हा माझे केवढे कौतुक! मग टेबलावर संगणक आला आणि माझा पेपरवेट झाला. तरी पालकांना हिशेब समजावताना खिडकीवरच्या बाई मलाच पुढे ओढत. मुले त्यांना मागून कात्रीबाई म्हणत, कारण त्या कर्ज कापत.

खरे तर त्या नियम पाळत. वर्षाच्या एकूण खर्चातून शिष्यवृत्ती वजा करायची. उरेल त्याहून जास्त शैक्षणिक कर्ज मिळत नाही.

कृत्रिम दात घडवायला शिकणाऱ्या एका मुलीला आणि तिच्या वेल्डर वडिलांना हे ठाऊक नव्हते. आधी कर्ज मंजूर झाले, मग शिष्यवृत्ती मिळाली. बापलेकींनी सरळ बेरीज केली आणि वरच्या पैशांतून हत्यारांची पेटी घ्यायचे ठरवले. पेटीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. आणि कर्ज कापले गेले, नेमके शिष्यवृत्तीइतके.

“पोरीने नंबर काढला, त्याचा दंड होय?” वेल्डर खिडकीशी उसळला.

“दादा, माझ्यावर कशाला तापता? या डबड्याला विचारा!” बाईंनी मला पुढे सरकवले.

“बाबा, थांबा जरा,” मुलगी म्हणाली. “बाई, वजाबाकी बरोबर आहे. पण वरचा आकडा कशाकशाचा?”

“फी, खोली, जेवण, प्रवास, पुस्तकं. सगळ्यांना सारखा.”

“आणि पेटी?”

बाईंची बोटे माझ्यावरच थांबली. “ती सगळ्यांना कुठे लागते गं?”

“मला लागते.”

“मग विभागप्रमुखांचं पत्र आण, दुकानाचा दर आण. खर्चात धरता येईल. पण आज शेवटचा दिवस. खिडकी बंद व्हायच्या आत ये.”

मुलगी धावतच सुटली. वेल्डरने खिडकीच्या कठड्यावर कोपर रोवले.

“बंद करायला लागलात ना बाई, तर उघडीच वेल्ड करून टाकीन.”

बाई हसू दाबत बसून राहिल्या. कुलपे लावणारा शिपाई दोनदा डोकावून गेला, तेव्हा कुठे ती धापा टाकत आली. बाईंनी खर्चात पेटी मिळवली, शिष्यवृत्ती वजा केली. मर्यादा वाढली.

“पत्रात आणखी किरकोळ सामान लिहिलंय. तेही धरू?”

“नको. पेटीपुरतंच. फेडायचं मलाच आहे.”

परीक्षा पास झाल्यावर ती पेढ्यांऐवजी पेटीच घेऊन आली. सर्वांत बारीक हत्याराने तिने माझ्या सातच्या बटणाखालचा मळ कोरून काढला. इतक्या वर्षांत ते कुणाला सुचले नव्हते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा साफ करून पाहा. आणि एक लक्षात ठेवा : मी हिशेबात चुकत नाही, पण जो खर्च कुणी सांगितलाच नाही, तो मला दिसत नाही. तो तुम्हीच सांगायला हवा. आता बाई माझ्यावर बोट ठेवण्याआधी प्रत्येकाला विचारतात, “आणखी काय लागतं तुला?”